‘शिरगाव’ ह्या शब्दाची लांबी : संगणकाच्या प्राथमिक स्वाध्यायांतील दोन गृहीतांचा इतिहास

(१) प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्गात विद्यार्थ्यांस जे स्वाध्याय दिले जातात, त्यांचा साचा गेल्या काही दशकांत फारसा बदललेला नाही. दिलेल्या शब्दात वर्ण किती ते मोजा. तो शब्द उलटा लिहून दाखवा. उलटसुलट वाचला असता तो सारखाच राहतो किंवा कसे ते ठरवा. दोन शब्द समान आहेत की नाहीत ते सांगा. हा स्ट्रिंगचा, म्हणजे वर्णांच्या ओळीचा, भाग झाला. त्यापाठोपाठ मेथड ओव्हरलोडिंग येते. ‘बेरीज’ ह्या एकाच नावाच्या तीन मेथड लिहाव्यात. एकीने दोन पूर्णांक घ्यावेत, दुसरीने तीन घ्यावेत, तिसरीने दशांश अपूर्णांक घ्यावेत. आणि हाक कोणतीही आली तरी योग्य तीच मेथड पुढे यावी, असा तो प्रश्न असतो. हे स्वाध्याय इतके परिचित झाले आहेत की त्यांना काही इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. पाढ्यांप्रमाणे ते कालातीत मानले जातात.

हे मत कितपत ग्राह्य आहे ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वर्ण मोजण्याच्या स्वाध्यायामागे ‘एक वर्ण म्हणजे एक खण’ असे गृहीत उभे आहे. ओव्हरलोडिंगच्या स्वाध्यायामागे ‘नाव एक असले तरी सोबत आलेल्या गोष्टींवरून निवड ठरते’ असे दुसरे गृहीत आहे. ह्या दोन्ही गृहीतांना जन्मकाळ आहे व जन्मस्थानही आहे. त्यांपैकी पहिले मराठीस लागू पडत नाही. दुसरे मात्र आपल्या ग्रामव्यवहारास संगणकापूर्वीपासून ठाऊक आहे.

विवेचनासाठी एकच शब्द घेतला आहे. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, सोमाटणे फाट्यानजीक, शिरगाव नावाचे गाव आहे. साईबाबांच्या मंदिरामुळे ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ते अनेकांस परिचित आहे. ग्रामनाम निवडण्यास कारण असे की, सात-बाराचा उतारा, मतदारयादी, शाळेचा दाखला अशा नोंदींत माणसाची ओळख गावाच्या नावाशी बांधलेली असते. ते नाव यंत्रास ओळखता आले नाही तर शोधणाऱ्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते, आणि नोंद तर दप्तरात असतेच. यास्तव वर्ण मोजण्याचा प्रश्न वाटतो तितका पोरखेळाचा नाही.

(२) एक वर्ण, एक खण

पहिल्या गृहीताचे मूळ रोमन लिपीच्या रचनेत आहे. इंग्रजी छापखान्यात अक्षर सुटे असते. टंकलेखन यंत्रावर एक कळ दाबली की एक अक्षर उमटते व गाडी एक घर पुढे सरकते. छिद्रांकित पत्रकांवरही हाच हिशेब होता : एका उभ्या रकान्यात एक वर्ण. प्रारंभीच्या संगणकांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलला. १९५७ साली प्रसृत झालेली फॉरट्रान ही भाषा मुख्यतः गणितासाठी होती. तीत मजकूर छापावयाचा असल्यास त्यात वर्ण किती आहेत हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी स्वतः मोजून लिहावे लागे. वर्ण मोजणे हे काम माणसाकडून यंत्राकडे गेले ते नंतर. भाषांतराच्या संशोधनासाठी मॅसॅच्युसेट्स येथे व्हिक्टर इंग्वे यांनी तयार केलेली कॉमिट आणि १९६२ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेली स्नोबोल ह्या दोन भाषांनी मजकुरावरील क्रिया हा स्वतंत्र विषय मानला. आजच्या स्वाध्यायांची ही खरी पूर्वपीठिका होय.

१९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली प्रमाण ठरली. सात बिटांची ही योजना असल्याने तीत १२८ जागा होत्या, व त्या इंग्रजीच्या गरजेपुरत्या पुरेशा होत्या. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली, तेव्हा स्ट्रिंग म्हणजे बाइटांची ओळ व तिच्या शेवटी शून्य अशी व्यवस्था ठरली. एका बाइटात एक वर्ण मावत होता. म्हणून बाइट मोजणे आणि वर्ण मोजणे ह्या दोन क्रिया एकच आहेत असा समज रूढ झाला. तो समज इंग्रजीपुरता खरा होता, आणि म्हणूनच त्याचे गृहीतपण कोणाच्या ध्यानात आले नाही.

महाराष्ट्रातही संगणकाचा प्रवेश ह्याच काळात झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात घडविलेला टिफ्रॅक १९६० साली कार्यान्वित झाला, आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला. ह्या यंत्रांपुढील कामे मुख्यत्वे गणिताची व विज्ञानाची होती. मराठी शब्दाची लांबी किती, हा प्रश्न त्यांच्यासमोर आलाच नाही.

(३) शिरगावची लांबी : तीन उत्तरे

हा प्रश्न पुढे आला तो देवनागरीची संकेतप्रणाली ठरविण्याची वेळ आली तेव्हा. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले जिस्ट हे लिपितंत्राचे काम १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅक ह्या नव्या संस्थेत विस्तारले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही प्रणाली प्रमाण म्हणून स्वीकारली. हिच्या कर्त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला : अक्षराच्या दृश्य आकाराला संकेत न देता वर्णाला द्यावयाचा. ‘शि’ लिहिताना वेलांटी डावीकडे, म्हणजे श च्या आधी काढली जाते. उच्चारात मात्र श आधी व इकार मागाहून येतो. इस्कीने उच्चाराचा क्रम मानला. लखनौच्या १९५३ च्या लिपिपरिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा जो प्रयत्न केला व जो लेखनात टिकला नाही, तो प्रश्न यंत्राच्या पोटात अशा रीतीने सुटला. कागदावरील वळण कायम राहिले आणि नोंदीतील क्रम उच्चाराचा झाला.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. ह्या मांडणीत देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा मिळाल्या. तीनुसार ‘शिरगाव’ हा शब्द असा साठविला जातो : श (२३५८), इकाराची वेलांटी (२३६७), र (२३५२), ग (२३२७), काना (२३६६), व (२३५७). एकूण सहा संकेतांक झाले.

आता स्वाध्यायाकडे वळू. जावा किंवा पायथॉन ह्या भाषांना ‘शिरगाव’ची लांबी विचारली तर उत्तर ६ येते. सी भाषेतील नेहमीच्या मोजणीस तीच विचारणा केली तर, मजकूर यूटीएफ-८ ह्या आजच्या सर्वसाधारण पद्धतीने साठविलेला असल्यास, १८ हे उत्तर येते. कारण त्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. आणि २०१४ साली आलेल्या स्विफ्ट ह्या भाषेस विचारले तर उत्तर ४ येते, कारण ती वाचकास एकसंध दिसणारे अक्षर मोजते. हेच नाव इंग्रजीत लिहिले की तिन्ही उत्तरे ८ येतात. इंग्रजीत काम करणाऱ्यास तीन प्रश्न वेगळे आहेत हे कळण्याचा प्रसंगच येत नाही. मराठीत ते पहिल्याच शब्दाशी कळते.

ह्यांपैकी बरोबर उत्तर कोणते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. आपल्या छंदःशास्त्रास हा प्रश्न नवा नाही. अक्षरगणनेने ‘शिरगाव’ चार अक्षरांचे आहे. मात्रागणनेने, गा गुरू व इतर तीन लघू धरून, ते पाच मात्रांचे आहे. मावळाच्या शेजारच्या देहूस ज्यांचे वास्तव्य होते त्या तुकोबांच्या परंपरेतील मोठा अभंग सहा, सहा, सहा व चार अशा अक्षरांच्या चरणांनी मोजला जातो. आर्येचे माप मात्रांचे आहे. अभंग मात्रांनी मोजला म्हणून कोणी चूक म्हणत नाही, तर माप चुकले असे म्हणतो. जागा किती लागेल हे पाहावयाचे असेल तर १८ हे उत्तर योग्य. साठविलेल्या घटकांवर क्रिया करावयाची असेल तर ६ योग्य. नमुन्याच्या अर्जावर चौकटी आखावयाच्या असतील तर ४ योग्य. ‘लांबी मोजा’ ह्या प्रश्नातच माप सांगितलेले नसते, हा त्यातील दोष होय.

अक्षर म्हणजे काय, ह्याविषयी यंत्राचे मतही स्थिर नाही. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द घ्या. त्यात अकरा संकेतांक आहेत, व मराठी वाचक त्यात सहा अक्षरे मोजील. युनिकोडच्या अक्षरविभागणीच्या नियमांप्रमाणे मात्र ग् हा रा पासून तोडला जाई व सात तुकडे होत. २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ ह्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, आणि तेव्हा कोठे नियमाचे उत्तर सहा झाले.

(४) उलटा शब्द व समान शब्द

स्ट्रिंग उलटी करण्याचा स्वाध्याय ह्याहून बोधप्रद आहे. ‘शिरगाव’चे संकेतांक शेवटाकडून लिहिले असता ‘वागरिश’ मिळते. अक्षरे शेवटाकडून लिहिली असता ‘वगारशि’ मिळते. पहिल्या उत्तरात ग चा काना व वर गेला आहे आणि श ची वेलांटी र वर गेली आहे. प्रोग्रॅममध्ये चूक कोठेही नाही. सांगितले ते त्याने केले आहे. ‘नवजीवन’ हा शब्द अक्षरांनी पाहता उलटसुलट सारखा आहे, परंतु संकेतांकांनी उलटा केल्यास त्याचे ‘नवीजवन’ होते व यंत्र तो विलोमपद नाही असा निर्णय देते. ‘रामाला भाला मारा’ हे लहानपणी सर्वांनी ऐकलेले वाक्य उलटे केले तर ओळीच्या आरंभी नुसता काना येतो. आधी व्यंजन नसल्याने तो ठिपक्यांच्या वर्तुळावर टेकलेला पडद्यावर दिसतो.

समानतेच्या स्वाध्यायाचे परिणाम अधिक गंभीर आहेत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले, व उच्चारात नसलेले व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार लेखनातून गेले. ‘शिरगांव’चे ‘शिरगाव’ झाले. परंतु जुनी दप्तरे, जुन्या पाट्या व जुनी सवय एका वर्षात जात नाही. ‘शिरगांव’मध्ये सात संकेतांक आहेत, ‘शिरगाव’मध्ये सहा, अक्षरे दोन्हींत चारच आहेत. यंत्रास हे दोन शब्द समान आहेत काय असे विचारले तर ते नाही म्हणते. त्याच्या दृष्टीने ते उत्तर खरे आहे. ज्या शेतकऱ्याच्या आजोबांची नोंद अनुस्वारासह झाली आहे व जो स्वतः अनुस्वाराशिवाय शोध घेतो, त्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे.

ह्याच्या उलट प्रकारही संभवतो. मावळच्या ‘दऱ्या’ आणि कोकणचा ‘दर्या’ ह्यांतील भेद मराठी वाचकास सहज दिसतो. यंत्रात हा भेद दोन रीतींनी नोंदविला जातो : कोणी ऱ हा स्वतंत्र वर्ण वापरून त्यास हलन्त जोडतात, तर कोणी साधा र, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. दिसण्यात दोन्ही सारखे. युनिकोड मात्र त्यांस समतुल्य मानीत नाही. शोध सुलभ व्हावा म्हणून अदृश्य चिन्हे गाळली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणजे एका बाजूस एकच गाव दोन ठरते व दुसऱ्या बाजूस दोन शब्द एक ठरतात.

क्रम लावण्याविषयीही असेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात तो ल च्या लगत, २३५५ ह्या जागी आहे. नुसत्या संकेतांकांनी क्रम लावल्यास ‘मावळ’ हा शब्द ‘मावशी’च्या आधी येतो, मराठी कोशाच्या क्रमाने तो मागाहून यावयास पाहिजे. २००९ च्या शासननिर्णयाने ल आणि श ह्यांची मराठी वळणे ठरवून दिली, तेव्हा संकेतांक बदलण्याचे कारण पडले नाही. वळण हा टंकाचा प्रश्न आहे. क्रम, समानता व लांबी हे प्रश्न भाषेचे आहेत आणि ते कोष्टकावर सोपविता येत नाहीत.

(५) एक नाव, अनेक गावे

आता दुसऱ्या गृहीताकडे येऊ. शिरगाव हे नाव एकाच गावाचे नाही. पुणे जिल्ह्यातच भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या बाजूस, दुसरे शिरगाव आहे. रत्नागिरी शहरालगत एक, चिपळूण तालुक्यात एक, सिंधुदुर्गातील देवगड तालुक्यात एक, किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले पालघर जिल्ह्यात एक, आणि लईराई देवीच्या जत्रेसाठी विख्यात असे गोव्यात डिचोली तालुक्यात एक. एवढी शिरगावे असूनही व्यवहार अडत नाही, कारण लिहिणारा नुसते गाव लिहीत नाही. ‘मौजे शिरगाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे’ असे तो लिहितो. नाव सारखेच राहते. सोबतच्या शब्दांनी निवड होते. एका शब्दाचे अनेक अर्थ संदर्भाने निवडण्याची रीत आपल्याकडे पुरातन आहे. अमरकोशाचा नानार्थवर्ग त्यासाठीच रचलेला आहे.

संगणकाच्या भाषांत ही रीत हळूहळू आली. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांस व अपूर्णांकांस एकच असावे, ही सोय प्रथमपासून होती. पण ती भाषेच्या कर्त्याने दिलेली होती, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तिचा विस्तार करता येत नसे. १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी एका नावाच्या अनेकविध वापराचे दोन प्रकार वेगळे केले. एकात प्रत्येक प्रकारच्या मूल्यासाठी स्वतंत्र कृती असते, नाव मात्र समान असते; दुसऱ्यात एकच कृती सर्वांस लागू पडते. आजचे ओव्हरलोडिंग हा ह्यांपैकी पहिला प्रकार होय. ती व्याख्याने छापील स्वरूपात २००० साली प्रसिद्ध झाली, तथापि त्यांचा प्रभाव त्यापूर्वीच पसरला होता. अल्गोल ६८ ने चिन्हांना नवे अर्थ देण्याची मुभा दिली. अडा (१९८३) व सी++ (१९८५) ह्यांनी ती नावांस लागू केली. जावा (१९९५) मधून ती पहिल्या वर्गाच्या स्वाध्यायात उतरली. सर्व भाषांनी ती स्वीकारली असे मात्र नाही. सी भाषेत एका नावाची दोन फंक्शने चालत नाहीत, आणि पायथॉनमध्ये त्याच नावाची दुसरी व्याख्या पहिलीस निमूटपणे पुसून टाकते.

सी++चा कंपायलर ह्या नावांचे पुढे काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रोग्रॅमचे भाग जोडणाऱ्या पुढील यंत्रणेस साधीच नावे कळत. एका नावाची तीन फंक्शने तिच्यापुढे ठेवता येत नसत. म्हणून कंपायलर प्रत्येक नावापुढे त्याच्या घटकांच्या प्रकारांची खूण चिकटवितो व तीन निराळी नावे तयार करतो. ‘मौजे शिरगाव, तालुका मावळ’ ह्या लेखनाशी ह्याचे साम्य स्पष्ट आहे. जनगणनेने त्याहीपुढे जाऊन २०११ मध्ये प्रत्येक गावास सहा अंकी क्रमांक दिला.

(६) कंपायलर आणि तलाठी

साम्य येथवर आहे. भेद ह्यापुढे सुरू होतो. ‘शोध’ नावाच्या मेथड लिहावयाच्या आहेत असे समजू. पहिली फक्त गाव घेते, दुसरी गाव व तालुका घेते, तिसरी गाव, तालुका व जिल्हा घेते. जावाचा कंपायलर ह्या तिन्ही बिनतक्रार मान्य करील, कारण घटकांची संख्या भिन्न आहे. आता चौथी मेथड गाव व जिल्हा घेणारी लिहिली, तर तो ती नाकारतो. गाव, तालुका व जिल्हा ही तिन्ही त्याच्या लेखी स्ट्रिंगच आहेत. दोन स्ट्रिंग घेणारी ‘शोध’ त्याच्याकडे आधीच आहे. ‘पुणे’ हा जिल्हा आहे व ‘मावळ’ हा तालुका आहे हे तलाठ्यास सांगावे लागत नाही. कंपायलरास ते कळण्याचा मार्गच ठेवलेला नाही. तसेच कोणी तालुका आधी व गाव मागाहून दिले तरी तो हरकत घेणार नाही, व ‘मावळ’ नावाचे गाव शिरगाव तालुक्यात शोधीत बसेल. तालुका व जिल्हा ह्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून घोषित केले, म्हणजे त्यांचे वर्ग निराळे लिहिले, तरच ही अडचण मिटते.

दोन्ही स्वाध्याय येथे एकमेकांस भेटतात. जावामध्ये बेरजेचे चिन्ह स्ट्रिंगसाठी जोडण्याचे काम करते. अवतरणात ‘क’ ही स्ट्रिंग देऊन तीत १ मिळविला तर ‘क१’ असा मजकूर मिळतो. तोच क एकटा वर्ण म्हणून देऊन १ मिळविला तर २३२६ ही संख्या मिळते, कारण क चा संकेतांक २३२५ आहे. चिन्ह एकच, दर्शनी अक्षर एकच. प्रकार बदलला की एकाची जोडणी होते व दुसऱ्याची बेरीज होते. विद्यार्थी हे उत्तर पाहून गोंधळतात, परंतु स्ट्रिंग म्हणजे काय व वर्ण म्हणजे काय हा भेद त्यांस ह्याहून थोडक्यात क्वचितच दाखविता येईल.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. वर्ण मोजणे, उलटविणे व ताडून पाहणे ह्या स्वाध्यायांतील ‘वर्ण’ ही कल्पना इंग्रजी टंकलेखनाच्या व आस्कीच्या इतिहासातून आलेली आहे, आणि मराठीपुरते तिचे तीन निराळ्या कल्पनांत विभाजन करणे अवश्य आहे. समानता कोणती मानावयाची हा निर्णय यंत्राचा नाही. शोध घेणाऱ्यासाठी ‘शिरगांव’ व ‘शिरगाव’ एक धरावे लागतील. जुन्या कागदांचे संपादन करणाऱ्यास ते वेगळेच ठेवावे लागतील, अन्यथा कागदाच्या काळाचा पुरावा नष्ट होईल. आणि ओव्हरलोडिंगची निवड घटकांच्या घोषित प्रकारांवर चालते, अर्थावर चालत नाही. अर्थातील भेद प्रकारांत उतरविणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयांत हे स्वाध्याय अद्याप बहुधा इंग्रजी शब्दांवर करविले जातात, व ते सर्व बरोबर येतात. म्हणूनच त्यांतून शिकावयाचे ते राहून जाते. विद्यार्थ्यास पहिल्याच तासाला आपल्या गावाचे नाव मराठीत लिहावयास सांगावे, त्याची लांबी दोन-तीन भाषांत काढावयास लावावी, ते उलटे करावयास लावावे, आणि त्याच नावाची दुसरी गावे शोधून त्यांस वेगळे ओळखणाऱ्या मेथड लिहावयास सांगाव्यात. पुढे ह्याच विद्यार्थ्यांपैकी काहींच्या हाती नोंदणीच्या व दप्तरांच्या प्रणाली जातील. तेव्हा एखाद्या अनुस्वारापायी मावळातील एखाद्या कुटुंबाची नोंद हरवू नये, एवढी दक्षता त्यांच्याकडून अपेक्षिणे वावगे होणार नाही.